करणाऱ्याचे गद्य : विजेरीच्या सर्किटच्या निमित्ताने

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण निबंध, कथा, कादंबरी, चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, ललित निबंध असे प्रकार मोजतो. अलीकडे माहितीपर लेखन आणि व्यावहारिक मराठी यांनाही अभ्यासक्रमात जागा मिळाली आहे. या यादीत एक प्रकार मात्र आढळत नाही, आणि त्याची उणीव कोणाला जाणवते असेही दिसत नाही. एखादी वस्तू स्वतःच्या हाताने घडवणाऱ्या माणसाने ती कशी घडवली, कोणते निर्णय घेतले, कोणती वाट सोडून दिली आणि का, हे आपल्या भाषेत सविस्तर सांगणे, हा तो प्रकार. सोयीसाठी त्याला 'करणाऱ्याचे गद्य' म्हणू. मराठीत हे गद्य फार थोडे आहे, आणि ते थोडे असण्याची किंमत साहित्यव्यवहाराच्या बाहेर असलेल्या माणसांना मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी मी मुद्दामच साहित्यापासून दूरचे वाटणारे उदाहरण घेतो. हातात धरायची विजेरी, जिला आपल्याकडे गावोगाव सरळ 'बॅटरी' म्हणतात, ती छंद म्हणून बनवणारे लोक जगभर आहेत. त्यातले कसलेले छंदिष्ट नळी, भिंग आणि दिवा विकत घेतात. पण आतला सर्किट बोर्ड, ज्याला ते 'ड्रायव्हर' म्हणतात, तो स्वतः आखतात आणि स्वतः जुळवतात. हा बोर्ड गोल असतो आणि त्याचा एक रूढ व्यास आहे सतरा मिलिमीटर. एवढ्या जागेत काय मांडायचे असते, हे आधी पाहिले पाहिजे. कारण साहित्याच्या अभ्यासकाला या वस्तूत रस का वाटावा, याचे उत्तर तिच्या रचनेतच आहे.

एलईडी दिव्याचा स्वभाव विचित्र आहे. साध्या तारेच्या बल्बला दाब थोडा वाढवून दिला तर तो थोडा जास्त उजळतो. एलईडीच्या बाबतीत व्होल्टेज किंचित वाढले की त्यातून जाणारा प्रवाह एकदम कितीतरी वाढतो, दिवा तापतो आणि तापला की आणखी प्रवाह ओढतो. म्हणून त्याला व्होल्टेज मोजून देण्यापेक्षा प्रवाह मोजून द्यावा लागतो. पुन्हा, हल्लीच्या विजेरीत वापरला जाणारा १८६५० जातीचा लिथियम सेल (अठरा मिलिमीटर व्यासाचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा, म्हणून हे नाव) पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि उतरत उतरत तीनच्या आसपास येतो. वरचा दाब असा सतत बदलत असताना खालचा प्रवाह स्थिर ठेवणे, हे ड्रायव्हरचे काम.

ते करण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे एएमसी ७१३५ नावाची एक इवलीशी चिप. ती ३५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देत नाही. अशा आठ चिपा शेजारी शेजारी जोडल्या की २.८ अँपिअर मिळतात. पण ही चिप जादा दाब जिरवते ती उष्णतेच्या रूपाने. सेल ४.२ व्होल्टवर आणि दिव्याची गरज ३.२ ची असेल, तर मधला एक व्होल्ट गुणिले २.८ अँपिअर, म्हणजे २.८ वॅट, नुसती उष्णता म्हणून त्या सतरा मिलिमीटरमध्ये निर्माण होते. ती कुठून बाहेर काढायची, तांब्याचा पट्टा किती रुंद ठेवायचा, बटण दाबल्यावर काय घडावे हे सांगणारा लहानसा मायक्रोकंट्रोलर कुठे बसवायचा, सेल उलटा घातला गेला तर सर्किट जळू नये म्हणून काय करायचे, या सगळ्याचा विचार एकाच वेळी करावा लागतो. एटीटायनी १३ हा आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर या कामी पुष्कळ वापरला गेला. त्याची कार्यक्रम साठवण्याची जागा एक किलोबाइट, म्हणजे १०२४ अक्षरांएवढी. छंदोबद्ध रचना शिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको की बंधन घट्ट असले म्हणजे प्रत्येक निवडीला अर्थ येतो.

आणि इथेच आपल्या ओळखीचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक संहितेला एक अभिप्रेत वाचक असतो, तसा प्रत्येक बोर्डाला एक अभिप्रेत वापरणारा असतो. बाजारात मिळणारी स्वस्त विजेरी हातात घ्या. एकदा दाबले की प्रखर, पुन्हा दाबले की मध्यम, मग मंद, मग डोळे दिपवणारी उघडझाप, मग समुद्रावरच्या संकटाचा एसओएस संदेश. हा क्रम ठरवताना कोणाचे आयुष्य डोळ्यांपुढे होते? शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचे तर खचितच नव्हते.

त्या शेतकऱ्याची रात्र कशी असते, ते पाहू. शेतीपंपांना थ्री-फेज वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, देण्याची पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा; त्या योजनांची गरज भासली यातच रात्रीच्या पाण्याची कहाणी आली. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात मोडतो. उसाच्या आश्रयाने बिबटे इथे वस्तीला असतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे दगावली. विजेरी हा बिबट्यावरचा उपाय नव्हे, हे उघड आहे. पण बांधावरून चालताना पुढचे दहा पावलांचे दिसणे आणि न दिसणे यांत फरक आहे, आणि उघडझापीच्या तीन पायऱ्या ओलांडल्याशिवाय स्थिर उजेड न देणारी किंवा कसलीही सूचना न देता विझणारी विजेरी त्या वेळी कामाची नाही.

आता या माणसासाठी बोर्ड आखायचा असे समजा. आठ चिपांपैकी एकच चालू ठेवली तर ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल हिशेबाने साडेआठ तास पुरतो, म्हणजे रात्रीचे पाणी धरून होईपर्यंत. प्रवाह एक अष्टमांश झाला म्हणून उजेड डोळ्यांना एक अष्टमांश वाटत नाही. डोळा इतका काटेकोर हिशेब ठेवत नाही. तेव्हा पहिल्या दाबाला हा मंद, स्थिर, रात्रभराचा उजेड यावा. बटण दाबून धरले तरच आठही चिपा पेटाव्यात आणि सोडले की परत मंद व्हावे. सेल उतरू लागला की दिव्याने दोनदा लुकलुकून सांगावे, मग आणखी मंद व्हावे, पण घरी पोचेपर्यंत एकदम विझू नये. अंधारात सेल उलटा पडला तर काही बिघडू नये. उघडझाप आणि एसओएस काढूनच टाकावेत. हे सारे निर्णय तांत्रिक आहेत, पण त्यांचा उगम तंत्रात नाही. तो एका माणसाच्या रात्रीच्या बारकाईने केलेल्या वाचनात आहे.

मग अशी विजेरी इथे का आखली जात नाही? आखणारे हात नाहीत म्हणून, असे म्हणता येणार नाही. सणसवाडी हे गाव पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मध्ये आहे. उसाचे शेत आणि कारखान्याची भिंत तिथे एकमेकांना खेटून असतात. त्याच रस्त्याने पुढे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फ्रिज, धुलाईयंत्रे, दूरचित्रवाणी संच तयार होतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने रांजणगावला सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुल उभारण्यास मंजुरी दिली. प्रकल्पाचा खर्च ४९२ कोटी रुपयांहून अधिक धरलेला आहे. म्हणजे सर्किट बोर्ड ही या परिसराला परकी गोष्ट राहिलेली नाही. पण जुळणीचे काम करणाऱ्याला बोर्ड मिळतो तो पूर्ण झालेल्या संहितेसारखा. कुठला भाग कुठे बसतो हे त्याला सांगितले जाते. तो तिथेच का बसतो, हे ज्या भाषेत लिहिलेले असते ती भाषा त्याची नसते. चिपेची माहितीपत्रके इंग्रजीत, आखणीच्या सॉफ्टवेअरची पुस्तिका इंग्रजीत, आणि ज्यांनी आधी असे काम केले त्यांच्या हकीकतीही इंग्रजीत. साधने मात्र आज खुली आहेत. झाँ-पिएर शारास या फ्रेंच अध्यापकाने १९९२ मध्ये सुरू केलेले 'कायकॅड' हे बोर्ड आखण्याचे सॉफ्टवेअर कोणालाही फुकट मिळते. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. अडसर आहे तो 'का' या प्रश्नाच्या मराठीचा.

यावर ठरलेले उत्तर असे येते की मराठीत शब्दच नाहीत. मला हे मान्य नाही. बोर्ड हाताने तयार करण्याचे काम क्रमाने पाहा. तांब्याच्या पत्र्यावर आखणी उमटवून नको असलेले तांबे फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवतात. उरलेल्या तांब्यावर हवेने थर चढू नये म्हणून त्यावर कथलाचा पातळ लेप देतात. तांब्याला कथलाचा लेप देणे याला मराठीत 'कल्हई' म्हणतात. मोल्सवर्थच्या कोशातही हा शब्द आहे. धातूचे दोन भाग वितळलेल्या मिश्रधातूने सांधणे याला आपले सोनार आणि तांबट 'डाख देणे' म्हणत आले. सांधा नीट धरावा म्हणून कल्हईवाला नवसागर वापरतो. सर्किटच्या कामात त्याच हेतूने राळ वापरतात. मोहरीच्या दाण्याएवढे सुटे भाग चिमट्याने उचलून, डाखाच्या लगद्यावर ठेवून, सगळा बोर्ड एकदम तापवण्यासाठी पुष्कळ छंदिष्ट चक्क तवा वापरतात. कथील-शिशाचा ६३:३७ हा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. (शिशामुळे तो तवा पुन्हा चुलीवर जाता कामा नये, हेही करणाऱ्याच्या गद्यात आलेच पाहिजे.) आणि प्रवाहाच्या मानाने पट्टा किती रुंद ठेवायचा, हे चासकमानच्या कालव्याचे पाणी चारीतून दांडात आणि दांडातून सरीत नेणाऱ्याला समजावून सांगताना वेगळी परिभाषा घडवण्याची गरज पडू नये.

शासकीय परिभाषेची हेटाळणी करण्याचा माझा हेतू नाही. 'परिपथ', 'रोध', 'विद्युतधारा' हे शब्द शाळेच्या पुस्तकांतून रुळले आहेत आणि ते उपयोगी आहेत. पण परिभाषा ही कोशात तयार होऊन वापरात येते असे मानणे म्हणजे गाडी बैलापुढे जुंपणे होय. कल्हई आणि डाख हे शब्द कोणत्याही समितीने घडवले नाहीत. शब्द होते, काम होते. त्या कामाची लिखित हकीकत तेवढी नव्हती.

ती का नव्हती, याचे उत्तर समाजरचनेत शोधावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने कारूनारूंचे गावाशी असलेले देण्याघेण्याचे नाते तपशिलाने मांडले. कारूचे हत्यार कसे चालते हा त्या ग्रंथाचा विषय नव्हता. ज्याच्या हातात हातोडी होती त्याच्या हातात लेखणी येऊ दिली गेली नाही, आणि ज्याच्या हातात लेखणी होती त्याला हातोडीचे काम हलके वाटे. पुढे दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) पासून श्रमणाऱ्या माणसाचे जगणे त्याच्याच शब्दांत मराठीत आले, आणि आपली समीक्षा त्यामुळे बदलली. मात्र श्रमात जे ज्ञान असते, हाताला जे कळलेले असते, त्याच्या नोंदीला साहित्यविचारात अजून स्थान मिळालेले नाही. जात आणि ज्ञान यांच्या या जुन्या फारकतीकडे पाहिले की विजेरीचा बोर्ड हा केवळ छंदाचा विषय राहत नाही.

अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत. पहिला स्वयंपाकघरातला. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) हे अस्सल करणाऱ्याचे गद्य आहे. प्रमाण वाटी-चमच्याचे, वाक्ये आज्ञार्थी आणि नेमकी, आणि हे पुस्तक घराघरांत पोचले. इथे करणारी आणि लिहिणारी एकच होती, म्हणून हे गद्य जन्माला आले. आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्याची गद्य म्हणून दखल घेतली नाही, हा दोष त्या पुस्तकाचा नव्हे. दुसरा अपवाद मराठी छपाईच्या उगमापाशीच सापडतो. गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली मराठी पुस्तके पाहून मुंबईत स्वतः मुद्रणयंत्र उभे केले, शाई सिद्ध करण्याचे प्रयोग केले आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. ही हकीकत गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या पुस्तकात नोंदवली, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे. पुढे टंक ओतण्याचे यंत्र शोधणाऱ्या शंकर आबाजी भिसे यांनी 'विविध कलाप्रकाश' नावाचे मराठी मासिक चालवले. विज्ञान हा मराठीत सांगण्याचा विषय आहे, याविषयी त्या पिढीला शंका नव्हती.

छपाईचा उल्लेख इथे ओघाने आलेला नाही. सर्किट बोर्डाला 'प्रिंटेड' म्हणतात ते उगाच नव्हे. व्हिएन्नात शिकलेल्या पाउल आयस्लर या अभियंत्याला छापखान्याच्या कामाचा अनुभव होता. १९३६ मध्ये तो इंग्लंडला आला, आणि तारांची गुंतागुंत हाताने जोडत बसण्याऐवजी ती तांब्याच्या पातळ पत्र्यावर छापूनच का काढू नये, हा विचार त्याने प्रत्यक्षात आणला. छापलेली अक्षरे आणि छापलेले सर्किट ही एकाच कुळातली भावंडे आहेत. गणपत कृष्णाजींचा वारसा सांगणाऱ्या भाषेने यातल्या एका भावंडाला घरात घ्यावे आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवावे, याला काही तर्क नाही.

इतर भाषांतले छंदिष्ट आपले साहित्य बरोबर घेऊनच या कामात उतरतात, याचे एक लहानसे उदाहरण देतो. विजेरीच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये घालण्याची एक लोकप्रिय मुक्त आज्ञावली आहे, तिचे नाव 'अँडुरिल'. तिच्या आधी 'नार्सिल' नावाची एक आज्ञावली होती. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत नार्सिल ही भंगलेली तलवार आहे आणि तिचे तुकडे पुन्हा घडवून झालेली तलवार म्हणजे अँडुरिल. कोणत्याही साहित्य संस्थेने ही नावे सुचवली नव्हती. वाचणारे आणि करणारे एकाच घरात राहत असले की असे आपोआप घडते. आपल्याकडे ज्ञानदेवांच्या ग्रंथाचे मूळ नावच 'भावार्थदीपिका' आहे; दिवा हे आपल्या परंपरेतले ज्ञानाचे जुने रूपक. दिव्याची रूपके शिकवणाऱ्या वर्गात दिवा घडवणाऱ्याला बोलण्यासारखे काही नसते, ही अवस्था भूषणावह म्हणता येणार नाही.

काही आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. बाजारात दोनशे रुपयांत विजेरी मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे विचारले जाईल. पैशाच्या हिशेबात हा प्रश्न बिनतोड आहे. पण दोनशे रुपयांत मिळते ती दुसऱ्या कोणासाठी घेतलेल्या निर्णयांची वस्तू. आपल्या रात्रीविषयीचे निर्णय आपण घेऊ शकतो हा अनुभव विकत मिळत नाही, आणि ज्याने तो एकदा घेतला तो कारखान्यातल्या मोठ्या बोर्डाकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हे काम करणाऱ्याला शेवटी इंग्रजी शिकावेच लागेल, मग मराठी कशाला? इंग्रजी शिकावे लागेल, यात वाद नाही. प्रश्न पहिल्या पायरीचा आहे. रात्रपाळी करून आलेला सणसवाडीतला पोरगा पहिल्यांदा 'हे असे का?' असे विचारतो, तेव्हा त्याला आधी परकी भाषा शिकून येण्यास सांगणे म्हणजे बहुतेक वेळा त्याचा प्रश्नच संपवणे होय. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिकवण्याची वाट मोकळी केली. पण भाषांतरित पाठ्यपुस्तक हे करणाऱ्याच्या गद्याची जागा घेऊ शकत नाही. पाठ्यपुस्तक नियम सांगते. करणारा हे सांगतो की त्या नियमाने वागताना बोर्ड कुठे तापला आणि मग त्याने काय बदलले.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा : हे काम अभियंत्यांचे, साहित्याच्या शिक्षकाने यात का पडावे? कारण नेमके सांगणे, क्रम लावणे, वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचा अंदाज घेऊन वाक्य रचणे, हे आपले काम आहे. व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरातीचा मसुदा शिकवतो. त्याऐवजी एका सत्रासाठी दोन विद्यार्थ्यांनी एका करणाऱ्या माणसाजवळ बसावे. तो विजेरीचा बोर्ड जुळवणारा असो, मोटार भरणारा असो की कल्हई लावणारा. त्याचे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच्याच शब्दांत, असे लिहावे की तिसऱ्याला ते वाचून करता यावे. कसोटी साधी आहे : वाचून दिवा लागला, तर गद्य उत्तीर्ण. आपल्या किती निबंधांना अशी कसोटी लावता येईल?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो मिळाला भाषेच्या प्राचीनतेच्या पुराव्यांवर, आणि त्याचा आनंद रास्तच आहे. पण भाषा जिवंत आहे याचा पुरावा ताम्रपटात मिळत नाही. ताम्रपट हेही शेवटी तांब्यावरचे लेखन आणि सर्किट बोर्ड हेही तांब्यावरचेच. पहिल्याचे वाचन करणारे विद्वान आपण मोठ्या कष्टाने घडवले. दुसऱ्याचे लेखन मराठीत करणारे घडवायचे असतील, तर त्यांना आपल्या वर्गाचे दार उघडे असले पाहिजे, आणि ते उघडण्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.